हातावरचा इवलासा फुगवटा

गेल्या पावसाळ्यात क्लास सुटल्यावर नालासोपारा स्टेशनकडे चालत येत होते. एका बंद टपरीखाली झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर माझा पाय पडला आणि त्याने माझ्या पोटरीला दात लावले. साल खरचटली, रक्त आलं नाही. घरी येऊन साबण लावून नळाखाली पाय धरला आणि सकाळी सरकारी दवाखान्यात गेले. सिस्टरनी पाय बघितला, दोन्ही दंड पुढे करायला सांगितले आणि एकदम बारीक सुई कातडीला जवळजवळ आडवी धरून टोचली. दोन्ही दंडांवर मसुराच्या दाण्याएवढा फुगवटा आला. "झालं. तीन दिवसांनी परत या."

घरी आईने तो फुगवटा बघितला आणि म्हणाली, "एवढंच? फुकट आहे म्हणून कमी दिलं असेल. उद्या प्रायव्हेटमध्ये जाऊन पूर्ण घेऊन टाक."

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याही घरात हा संवाद झाला असेल, नाहीतर कधीतरी होईल. वसई, नालासोपारा, विरार इथे रात्री शेवटच्या लोकलने येणाऱ्यांना गल्लीतल्या कुत्र्यांची ओळख करून द्यायला नको. ऑगस्ट २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिले आणि देशभर वाद पेटला. कुत्रे उचलायचे की नाही, त्यांना खाऊ घालायचं की नाही, यावर आपण सगळ्यांनी स्टोरी टाकल्या. पण चावल्यावर हातावर जो फुगवटा येतो त्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. खरं तर जीव वाचतो तो तिथे.

म्हणून हा लेख त्या फुगवट्याबद्दल आहे. त्यात नेमकं काय असतं, काय मुद्दाम घातलेलं नसतं, आणि 'कमी' दिलेली लस पुरेशी कशी ठरते?

आधी हिशेब

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२२-२३मध्ये १५ राज्यांतल्या ६० जिल्ह्यांत घरोघरी जाऊन सर्वेक्षण केलं. त्यावरून काढलेला अंदाज असा, की देशात वर्षाला साधारण ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७२६ माणसं रेबीजने मरतात. चावणाऱ्या प्राण्यांत तीन चतुर्थांशांहून जास्त कुत्रे. इथपर्यंत आकडे अपेक्षितच वाटतात. पुढचा आकडा मात्र खटकतो. कुत्रा चावलेल्यांपैकी दर पाचातल्या एकाने लस घेतलीच नव्हती. आणि ज्यांनी निदान एक डोस घेतला, त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी कोर्स पूर्ण केला नव्हता.

रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लक्षणांआधी योग्य उपचार पूर्ण केले तर तो जवळपास नेहमीच वाचतो. दोन टोकांमध्ये एवढं अंतर असलेले आजार फार थोडे. त्यामुळे 'एवढंच दिलं' या शंकेने कुणी दवाखाना बदलत बसला, मधला डोस चुकवला किंवा 'यात काही दम नाही' म्हणून जाणंच सोडलं, तर ती शंका साधी राहत नाही.

आता डोसाचं गणित बघा. रेबीजची लस दंडाच्या स्नायूत दिली तर कोर्स पाच दिवसांचा असतो: ०, ३, ७, १४ आणि २८. 'शून्य' म्हणजे पहिल्या डोसाचा दिवस. प्रत्येक वेळी एक अख्खी बाटली लागते, म्हणजे एकूण पाच बाटल्या. कातडीत दिली तर दिवस चार: ०, ३, ७ आणि २८. प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर ०.१ मिलिलिटर. चार दिवस, दोन हात, म्हणजे एकूण ०.८ मिलिलिटर. बाटली १ मिलिलिटरची असेल तर अख्खा कोर्स एका बाटलीपेक्षाही कमी लसीत होतो.

आईची शंका आकड्यांपुरती खरी होती. लस खरोखरच कमी होती. 'कमी' म्हणजे 'अपुरी' हा मात्र तिचा स्वतःचा निष्कर्ष होता.

कातडी म्हणजे चेकनाका

१८६८ साली बर्लिनमध्ये मेडिकल शिकणारा पॉल लांगरहान्स नावाचा विशीतला पोरगा माणसाच्या कातडीचे तुकडे सोन्याच्या क्षारात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. त्याला फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी सापडल्या. त्याला वाटलं या मज्जासंस्थेच्या पेशी असाव्यात. अंदाज चुकला, शोध मात्र पक्का होता. या पेशी रोगप्रतिकारशक्तीच्या पहारेकरी आहेत हे कळायला शंभरेक वर्षं गेली. अशाच फांद्यांच्या पेशींचा मोठा गट राल्फ स्टाइनमन यांनी १९७३मध्ये ओळखला. त्यासाठी त्यांना २०११चं नोबेल जाहीर झालं, पण घोषणेच्या तीनच दिवस आधी ते वारले होते.

या पेशी करतात काय? बाहेरून काही घुसलं की त्याचा तुकडा पकडतात, जवळच्या लसिकाग्रंथीत, म्हणजे काखेतल्या गाठींपर्यंत जातात आणि तिथल्या पेशींना दाखवतात, 'हा चेहरा लक्षात ठेव.' स्नायूत असे पहारेकरी कमी असतात, कातडीत मात्र दाटीवाटीने. साहजिकच आहे. कातडी म्हणजे शरीराची हद्द, आणि चेकनाका हद्दीवरच असतो. लस थेट नाक्यावर नेऊन दिली तर थोडी पुरते. गावाच्या मध्यभागी सोडली तर जास्त लागते.

ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस दिली गेली, भारतातली पहिली. तीही कातडीतच. तुमच्या आजी-आजोबांच्या दंडावरचा तो गोल खळगा हाच 'देवी टोचल्याचा' डाग. नंतर पेनिसिलिनपासून कावीळ-ब पर्यंत सगळं स्नायूत जाऊ लागलं आणि 'इंजेक्शन म्हणजे खोलवर' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं.

साबुदाणा आणि तुरटीच्या घरचा पाहुणा

आता येऊ या मदतनीसाकडे. व्हॉट्सॲपवर फिरणारा तो फॉरवर्ड तुम्हीही वाचला असेल: 'लसीत ॲल्युमिनियम असतं!' हो, काही लसींत असतं. लपवायचं काही कारण नाही. मुद्दा आहे तो कोणत्या लसींत, कशासाठी आणि शरीरात कुठे.

गोष्ट पॅरिसमधल्या घोड्यांपासून सुरू होते. गास्तों रामों हे पाश्चर इन्स्टिट्यूटमधले पशुवैद्य. घटसर्पावरचं औषध तेव्हा घोड्यांच्या रक्तातून मिळायचं. घोड्याला निष्प्रभ केलेलं विष टोचायचं आणि त्याच्या रक्तात तयार होणारा उतारा काढून घ्यायचा. रामों यांच्या लक्षात आलं, की ज्या घोड्यांना टोचल्या जागी गळू होतं, त्यांच्या रक्तात उतारा जास्त असतो. म्हणजे जरा जळजळ झाली की शरीर जास्त जागं होतं. मग १९२५च्या सुमारास त्यांनी मुद्दाम जळजळ व्हावी म्हणून वेगवेगळ्या गोष्टी मिसळून पाहिल्या. त्यात टॅपिओकाही होता. टॅपिओका म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो, त्याचंच पीठ. आपण उपासाला खातो, त्यांनी घोड्याला टोचला. घोड्यांचा उतारा वाढला.

पुढच्याच वर्षी, १९२६मध्ये, इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी तुरटी वापरून तेच साधलं. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचाच क्षार. दाढी केल्यावर गालाला लावतात ती. तेव्हापासून ॲल्युमिनियमचे क्षार लसीत मदतनीस म्हणून घालतात. इंग्रजीतला ॲडज्युवंट हा शब्द लॅटिनमधल्या 'मदत करणे' या अर्थाच्या शब्दावरून आला. काम सोपं: लस एकटी असली तर शरीर दुर्लक्ष करेल, म्हणून शेजारी कुणीतरी भोंगा वाजवायला ठेवायचा. लहान बाळांची पेंटाव्हॅलंट, कावीळ-ब आणि धनुर्वाताच्या लसी, आणि मुलींनो, आपण घेतो ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची एचपीव्ही लस, मग ती गार्डासिल असो की पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक, या सगळ्यांत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. आणि या सगळ्या दिल्या जातात स्नायूत.

स्नायूतच का, हा खरा प्रश्न आहे.

स्नायूत रक्तपुरवठा भरपूर असतो आणि जागाही मोकळी. तिथे ॲल्युमिनियमच्या कणांनी थोडा दाह केला तरी तो पसरून विरतो. दोन दिवस हात दुखतो, इतकंच. कातडी पातळ. तिथे तेच कण एका जागी अडकून बसतात. कधी गाठ होते, कधी जागा काळवंडते, कधी पू नसलेलं गळू होतं. हे नुसतं अनुमान नाही. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये कावीळ-बच्या लसीचा असर कमी होतो, म्हणून डॉक्टरांनी तीच ॲल्युमिनियमवाली लस कातडीत देऊन पाहिली. अनेकांमध्ये प्रतिपिंडं चांगली वाढली, पण टोचल्या जागी गाठी आणि डागही आले.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेचा नियम स्पष्ट आहे: ज्या रेबीज लसीत मदतनीस मिसळलेला आहे, ती कातडीत द्यायची नाही. बाजारात काही रेबीज लसी ॲल्युमिनियमवाल्याही आल्या. त्या फक्त स्नायूसाठी. कातडीत द्यायची परवानगी ज्या लसींना आहे, त्यांत तो मदतनीस नसतो. माझ्या हातावरच्या त्या फुगवट्यात लस होती, पण ॲल्युमिनियम नव्हतं. कारण मदतनीसाचं काम कातडीच करत होती.

आई-बाबांशी बोलताना हे वाक्य कामी येईल. सुईची खोली ही नर्सची सवय नसते, ती लसीच्या रसायनाने ठरवलेली असते.

मग बीसीजीला डाग का पडतो?

हुशार वाचक इथे थांबवेल. आपल्या सगळ्यांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा डाग आहे. ती तर कातडीतच देतात. मदतनीस नाही म्हणता, मग पुटकुळी, फोड आणि व्रण कशाला?

कारण बीसीजी स्वतःच आपला मदतनीस आहे. फ्रान्समधल्या लील शहरात अल्बेर काल्मेत आणि कामिय गेरँ यांनी गायीच्या क्षयाचा जंतू १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं, २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवून निवळवला. तो जिवंतच राहिला, फक्त रोग करण्याची ताकद गेली. त्याच्या भिंतीतली रसायनं कातडीतल्या पहारेकऱ्यांना आपोआप डिवचतात. ही ताकद केवढी असते, ते फ्रॉइंड यांच्या मिश्रणावरून कळतं. मेलेले क्षयजंतू तेलात मिसळून ते बनवतात. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये ते इतकं जोरदार काम करतं आणि इतक्या जखमा करतं, की माणसासाठीच्या लसीत त्याला जागाच नाही.

बीसीजीत तो जोर मापात असतो. बाळाला महिन्याच्या आत दिली तर ०.०५ मिलिलिटर, नंतर ०.१. काही आठवड्यांत पुटकुळी येते, फुटते, भरते, डाग राहतो. अपेक्षित आहे, काही लावू नका. हीच सुई चुकून कातडीखाली खोल गेली तर गळू होण्याची शक्यता वाढते. आणि प्रतिकारशक्ती जन्मतःच फार कमकुवत असलेल्या बाळाला जिवंत जंतूची ही लस धोक्याची ठरू शकते. म्हणजे कातडीतली लस नेहमीच शंभर टक्के निरुपद्रवी, असंही नाही. कुणाला, किती आणि किती खोल, हे तिन्ही बरोबर असावं लागतं.

क्षयाच्या बाबतीत हा विषय अजून संपलेला नाही. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूमध्ये १९६८पासून अडीच लाखांहून जास्त लोकांवर चाचणी झाली. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयावर बीसीजीचा उपयोग दिसला नाही. लहान मुलांमधल्या गंभीर क्षयापासून मात्र ती वाचवते, म्हणून बाळांना देतात. २०२४मध्ये सरकारने मोठ्यांनाही बीसीजी देऊन पाहण्याची मोहीम अनेक राज्यांत सुरू केली, महाराष्ट्रातल्या काही भागांतही: साठीपुढचे लोक, मधुमेही, धूम्रपान करणारे, खूप कमी वजनाचे, अलीकडे क्षय होऊन गेलेले आणि क्षयरुग्णाच्या घरातले. चेंगलपट्टूचा निकाल माहीत असताना ही मोहीम का, हा प्रश्न विचारायलाच हवा. त्याचं उत्तर मिळेल ते या लोकांचा पाठपुरावा नीट झाला आणि आकडे खुले झाले तरच.

दुसरीकडे एम७२ नावाची नवी क्षयाची लस आहे. तिच्यात चिलीमधल्या एका झाडाच्या सालीपासून काढलेला मदतनीस आहे. आधीच्या चाचणीत आधीच संसर्ग असलेल्या मोठ्या माणसांमध्ये तिने क्षय होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी केलं. २०२४मध्ये दक्षिण आफ्रिकेतून तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. ती कुठे देतात ओळखा. बरोबर, स्नायूत. एवढा जोरदार मदतनीस असलेली लस कातडीत कोण देणार?

कमी डोस: हुशारी की कंजुषी?

आता खरा राजकीय प्रश्न. कातडीतून लस देण्यामागे सरकारला विज्ञान आवडतं की बचत? प्रामाणिक उत्तर: दोन्ही.

पोलिओचं उदाहरण घ्या. २०१६मध्ये जगभर टोचायच्या पोलिओ लसीचा तुटवडा होता. भारताने काही राज्यांत पूर्ण ०.५ऐवजी ०.१ मिलिलिटर, म्हणजे पाचवा भाग, कातडीत द्यायला सुरुवात केली. असं करणारा भारत पहिला देश होता. दोन डोस दिले की संरक्षण चांगलं मिळतं हे आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं. जानेवारी २०२३पासून नऊ महिन्यांच्या बाळाला तिसरा डोसही देतात. २०२२मध्ये एमपॉक्सची लस पुरेना, तेव्हा अमेरिकेनेही हाच मार्ग धरला आणि एका बाटलीत पाच माणसं बसवली. म्हणजे ही 'गरिबांची लस' नाही.

रेबीजमध्येही तेच. भारतात २००६मध्ये कातडीतल्या पद्धतीला परवानगी मिळाली. त्याआधी काय होतं ते घरातल्या मोठ्यांना विचारा, ते पोटाला हात लावून सांगतील. पोटात चौदा इंजेक्शनं! ती सेम्पल लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. कसौलीत १९११ साली ती तयार झाली आणि भारतात २००४च्या शेवटापर्यंत वापरात होती. मेंदूचा अंश असल्यामुळे काही लोकांना लकव्यासारखे गंभीर त्रास व्हायचे. नव्या पेशींवर वाढवलेल्या लसी सुरक्षित होत्या, पण महाग. पाच बाटल्यांचा खर्च सरकारी दवाखान्याला सगळ्यांसाठी झेपला नसता. कातडीतल्या पद्धतीमुळे सुरक्षित लस गरिबांपर्यंत पोहोचली. इथे बचतीनेच सुरक्षितता आणली.

पण बचतीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, आणि तीच मला महत्त्वाची वाटते. स्नायूत टोचणं तुलनेने सोपं. कातडीत टोचायला हात बसावा लागतो. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत फुगवटा आला तर लस बरोबर जागी गेली. आला नाही, किंवा लस बाहेर ओघळली, तर तो डोस जवळच्या जागी पुन्हा द्यावा लागतो. शिवाय लस एकदा विरघळवली की फ्रिजमध्ये ठेवूनही सहा ते आठ तासांत संपवायची, उरलेली टाकायची. म्हणून अनेक दवाखाने ठरावीक वेळेत रुग्ण एकत्र बोलावतात. तुम्हाला ती 'सरकारी अडवणूक' वाटते, पण तिच्यामागे हा हिशेब असतो. सुरक्षिततेचा बराचसा भार औषधाकडून नर्सच्या हातावर आणि फ्रिजवर सरकतो. लसीची बचत खरी ठरायची असेल, तर त्या हातांच्या प्रशिक्षणावर आणि पुरेशा माणसांवर तो पैसा परत यायला हवा. एका सिस्टरसमोर सकाळी पन्नास जणांची रांग असेल, तर फुगवटा नीट बघायला तिला वेळ कुठून मिळणार?

सुईची ही कसरत टाळायचे प्रयत्नही झाले. झायडसची झायकोव्ह-डी ही कोविडची डीएनए लस ऑगस्ट २०२१मध्ये मंजूर झाली. ती सुईशिवाय, दाबाच्या झोताने कातडीत जायची. महाराष्ट्रात तिच्यासाठी नाशिक आणि जळगाव हे जिल्हे निवडले गेले. तोवर बहुतेकांचे डोस झाले होते, त्यामुळे तिची फार चर्चा झाली नाही. पण वाट दिसली. गॅम्बियामध्ये गोवर-रुबेलाची लस बारीक टोकांच्या चिकटपट्टीतून बाळांना देऊन पाहिली, त्याचे निकाल २०२४मध्ये आले आणि ते आशादायक होते. हाँगकाँगमध्ये फ्लूची कातडीतली लस देण्याआधी तिथे इमिक्विमॉड नावाचं मलम लावून पाहिलं. वृद्धांमध्ये प्रतिकार वाढला. म्हणजे मदतनीस लसीत न मिसळता वरून लावायचा! कातडीतल्या मदतनीसाचा एक फायदा असा, की काही बिघडलं तर ते डोळ्यांना दिसतं. तोटाही तोच. हातावर राहिलेला डाग माणूस वर्षानुवर्षं बघतो, आणि एका डागावरून अख्ख्या गल्लीत अफवा उठू शकते.

तुम्हाला कुत्रा चावला तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची, तंबाखू काही नको. मग त्याच दिवशी दवाखाना.

रक्त आलं असेल तर फक्त लस पुरत नाही. लसीला प्रतिपिंडं तयार करायला आठवडाभर तरी लागतो. तेवढ्या वेळासाठी तयार प्रतिपिंडं जखमेतच टोचावी लागतात. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. सीरमने २०१७मध्ये त्याचा प्रयोगशाळेत बनवलेला पर्यायही आणला. हे औषध मिळतंय का, हे तुम्ही स्वतः विचारा. एका दवाखान्यात नसेल तर कुठे मिळेल तेही विचारा.

तुम्ही मलेरियासाठी क्लोरोक्विन घेत असाल, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर ते आधीच सांगा. १९८०च्या दशकात दिसून आलं, की क्लोरोक्विन चालू असताना कातडीत दिलेल्या रेबीज लसीचा असर कमी होतो. अशा वेळी डॉक्टर स्नायूतून लस देतात. पालघरमध्ये पावसाळ्यात मलेरियाही असतो आणि कुत्रेही, त्यामुळे ही गोष्ट आपल्यासाठी पुस्तकी नाही.

फुगवटा आला का ते बघा. नाही आला तर नम्रपणे विचारा, "ताई, परत द्यावी लागेल का?" कार्डवर पुढची तारीख लिहून घ्या. त्रास झाला, ताप आला, जागा जास्त सुजली, तर गप्प बसू नका, त्याच केंद्रावर नोंदवा. लसीनंतरचे त्रास तपासायला जिल्हा पातळीवर समिती असते. पण नोंदच झाली नाही तर समितीपुढे काही येणार नाही. विज्ञानावर विश्वास ठेवणं आणि त्रासाची नोंद करणं या एकमेकांविरुद्धच्या गोष्टी नाहीत. सेम्पल लस थांबली ती त्रासाच्या नोंदी झाल्या म्हणूनच.

माझं म्हणाल तर आईला मी हे सगळं समजावलं नाही. घोड्याला साबुदाणा टोचल्याचं मात्र सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "बरं, मग पुढची तारीख कधी?" तिसऱ्या दिवशी ती स्वतः माझ्याबरोबर रांगेत उभी राहिली. आमच्या पुढे एक काका होते, रिक्षा चालवतात. सातव्या दिवशी ते दिसले. अठ्ठाविसाव्या दिवशी रांगेत दिसले नाहीत. दुसऱ्या वेळेला येऊन गेले असतील, असं मी समजते. पण सर्वेक्षणातला तो 'जवळजवळ निम्मे' आकडा मला तेव्हापासून आकडा वाटत नाही.

तुमच्या ओळखीत कुणाच्या हातावर असा फुगवटा असेल, तर त्यांना एवढंच विचारा: अठ्ठाविसावा दिवस कधी आहे?